फॉलखालची फरशी

मी पाण्याचा दाब मोजतो असं सांगितलं की लोक पहिल्यांदा आपल्या गच्चीवरच्या टाकीकडे बघतात. नळाला प्रेशर येत नाही, जरा येऊन बघता का, हे मला लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर दहाव्याच्या घाटावरसुद्धा विचारून झालं आहे. मी बघतो म्हणतो आणि जात नाही. साचलेल्या पाण्याचा दाब मोजायला फारशी अक्कल लागत नाही, खोली मोजली की झालं. माझी गाठ खवळलेल्या पाण्याशी पडते, आणि खवळलेल्या पाण्याचा दाब एका जागी थांबत नाही. आत्ता एवढा, पापणी लवेपर्यंत दुप्पट, मग जवळजवळ नाहीच. त्याच्या उड्या टिपायच्या आणि तो उड्यांचा कागद अशा साहेबासमोर ठेवायचा, ज्याला एकच आकडा हवा असतो. यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आता निवृत्ती जवळ आली आहे, गुडघे गेले आहेत, आणि खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा कंटाळा आला आहे.

मागच्या उन्हाळ्यात मला देवळाली प्रवराच्या बाजूला एका कालव्यावर पाठवलं. भंडारदऱ्याहून सुटलेलं पाणी नदीनं खाली येतं, बंधाऱ्यावर अडतं आणि कालव्यांत वळतं. पुढे जमीन जिथे एकदम उतरते तिथे पाण्यालाही पायरी उतरावी लागते. त्या पायरीला आमच्याकडे फॉल म्हणतात. उसाच्या दोन फडांमधून कालवा शहाण्यासारखा येतो आणि फॉलवर आला की धाडकन दीड-दोन पुरुष खाली आदळतो. खाली काँक्रीटची जाड फरशी असते. तिच्यावर पाणी गरगरतं, उसळतं, फेसाळतं आणि दम खाऊन पुढे जातं. इथली फरशी दोन वर्षांपूर्वी ऐन आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाळीचं पाणी चालू असताना, उचलली गेली होती. खोलीएवढा काँक्रीटचा तुकडा जागचा सुटून पुढे जाऊन पडला होता.

हे कुणाला पटत नाही. वरून एवढं पाणी पडतंय तर फरशी दाबली जाईल, उचलली कशी जाईल, असं सगळे विचारतात. मी त्यांना भाताच्या पातेल्यावरचं झाकण सांगतो. सांध्यांतून थोडं पाणी फरशीच्या खाली गेलेलं असतं आणि ते खालून सारखं दाबत असतं. वरचा दाब मात्र उड्या मारत असतो. तो एका क्षणापुरता सुटला की खालचं पाणी फरशीला ढुशी देतं. सरासरी काढली तर झाकण पातेल्यावर गपगार बसलेलं दिसेल, पण ते खडखडत असतंच. अशा ढुश्या खात खात एक दिवस फरशी सुटते. एवढं सांगून झालं की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, ते ठीक आहे, पण सरासरी किती आली?

दुरुस्तीत नवी फरशी टाकताना तिच्यात चार लोखंडी नळ्या पुरल्या होत्या. त्यांची तोंडं बाजूच्या भिंतीमागे, आडासारख्या एका अरुंद खोलीत काढली होती. शिडीनं खाली उतरायचं, नळ्यांना दाब टिपणारे संवेदक जोडायचे, वायर वर आणून लॅपटॉपला लावायची आणि पाणी चालू असताना उड्या टिपायच्या. उन्हाळी आवर्तनात कालवा पूर्ण भरून चालवायचा की कमी, हे त्यावर ठरणार होतं. पूर्ण भरून चालवला तरच पाणी शेवटच्या, टेलच्या गावांपर्यंत पोचतं. कमी चालवला की वरचे लोकच ते संपवतात. आणि मध्येच फरशी सुटली तर सगळाच कालवा बंद. मग शेती राहू द्या, गावोगावचे पिण्याच्या पाण्याचे तलावसुद्धा त्यावरच भरतात.

टेलला माझी थोरली बहीण राहते. श्रीरामपूरच्या पुढे, कालव्याचा जिथे नुसता चर उरतो तिथे तिची मोसंबीची बाग होती. ती आणि दाजींनी मिळून लावलेली. दाजी गेले, मुलगा पुण्यात कंपनीत लागला, पण आक्कानं बाग सोडली नाही. मुलगा दर दिवाळीला म्हणायचा, चल आता पुण्याला, आणि ती म्हणायची, झाडांना कोण बघंल. त्याच्या फ्लॅटमध्ये ती एकदा महिनाभर राहून आली होती. परत आल्यावर मला म्हणाली की तिथं सकाळी उठून जायचं कुठं तेच कळत नाही. त्या वर्षी तिनं आंबे बहार, म्हणजे मोसंबीचा भर उन्हाळ्यात पोसावा लागणारा बहार, धरला होता. झाडांवर लिंबाएवढी फळं लागली होती आणि विहीर एप्रिलमध्येच तळाला गेली होती. हे आवर्तन मिळालं तर बाग राहणार आणि आक्का तिथे राहणार, एवढा सरळ हिशेब होता. त्यात माझं नाव कुठेच यायला नको होतं, पण आलं.

फॉलजवळच्या चौकीत एक पाटकरी होता. कालव्याचं पाणी पाळीनं वाटायचं आणि दारं उघडझाक करायची, हे त्याचं काम. माझ्याच वयाचा, पण माझ्यापेक्षा तरतरीत. मी येणार म्हणून त्यानं ती भिंतीमागची खोली झाडून काढली होती, जाळी काढली होती, शिडीची सैल पायरी तारेनं आवळली होती. असा माणूस भेटला की माझं काम निम्मं होतं. मी कोरड्या नळ्यांना संवेदक जोडले, वर येऊन चहा घेतला आणि पाणी सुटायची वाट बघत चौकीच्या सावलीत बसलो. ऊन असं होतं की लॅपटॉपला हात लावता येत नव्हता. पाटकऱ्यानं गोणपाट भिजवून त्याच्यावर टाकायला आणलं, ते मात्र मी टाकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी वाढवत वाढवत पूर्ण भरलं. नळ्यांमधली हवा काढताना पाणी फार दमानं आलं, ते गाळामुळे असेल असं मला वाटलं. वर येऊन आलेख पाहिला तर चारही रेघा सरळ. नवरात्रात ताट पुसून ठेवावं तशा स्वच्छ. भिंतीवर उभं राहिलं की पायाखाली भिंत थरथरत होती, बोललेलं ऐकू येत नव्हतं, चष्म्यावर तुषार साचत होते, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये मात्र तळ्यासारखी शांतता. उपविभागाचे तरुण साहेब मागे उभे राहून बघत होते. ते एकदम खुलले. म्हणाले, सर, दुरुस्ती झक्कास झालीय बघा, फरशीला काही त्रासच नाही. मी म्हणालो, उद्या सकाळी पुन्हा बघू, मला हे जरा जास्तच चांगलं वाटतंय. पण ते मी जोर लावून म्हणालो नाही. उन्हात भांडायची ताकद नव्हती. तासाभरात पाणीवापर संस्थांच्या ग्रुपवर निरोप गेला की या खेपेला कालवा पूर्ण क्षमतेनं चालणार, टेलला पाणी मिळणार.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. तिला शेजारच्यानं निरोप वाचून दाखवला होता. तिनं ठरवून ठेवलेले टँकर नको म्हणून सांगितले होते, वाफ्यांची दारं नीट करून घेतली होती. दाजी असते तर आज तुला जेवायला बोलावलं असतं, म्हणाली. पाणी माझ्यामुळे येत नाही, ते वरून सुटतं, असं मी सांगितलं. पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. अख्ख्या गल्लीत सांगून झालं होतं की माझा भाऊ तिकडं मशीन घेऊन बसलाय. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. मी आयुष्यभर पाण्याजवळ उभा राहिलो आहे. ते पाणी त्या रेघांसारखं वागत नव्हतं.

सकाळी शिडीनं खाली उतरलो, पहिल्या नळीचा कॉक बंद केला आणि संवेदक फिरवून काढला. तोंडाशी काहीतरी पांढरं दिसलं. चिमट्यानं ओढलं तर कापसाची वात निघाली. चांगली घट्ट वळलेली, देवापुढे लावतात तशी लांब वात, पाण्यानं भिजून गच्च झालेली. दुसऱ्या नळीत तशीच, तिसऱ्या, चौथ्यातही. मी त्या चार वाती हातात घेऊन त्या कोंदट खोलीत बसून राहिलो. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी हसूच आलं, आणि हसता हसता लक्षात आलं की आता आक्काला फोन करावा लागणार आहे.

पाटकरी वर वाट बघत होता. वाती बघून तो जराही चपापला नाही. उलट त्याला वाटलं की मी आता शाबासकी देणार.

"पानी लई नाचतं वो नळीत," तो म्हणाला. "मागं काचंची नळी हुती तवा सायेब लोक वरडायचे, आकडा थिर का न्हाई म्हनून. मग आमी वात घालायला लागलो. वात घातली की गप बसतं."

मग त्यानं सगळं सविस्तर सांगितलं. नोकरीला लागला तेव्हापासून ही वात चालत आली होती. आधीच्या पाटकऱ्यानं त्याला शिकवली होती. काचेच्या नळीतलं पाणी वरखाली व्हायचं, पाहणीला आलेले साहेब घड्याळ बघायचे, उन्हात उभं राहायचं नसायचं, मग पाटकऱ्यावर खेकसायचे. वात घातल्यावर पाणी एका रेघेला थांबायचं, साहेब आकडा लिहून घ्यायचे, चहा पिऊन जायचे. सगळ्यांचं भलं. या वातीही त्याच्या बायकोनं मुद्दाम वळून दिल्या होत्या, बाजारचा कापूस सुटतो म्हणून. खोली झाडतानाच त्यानं त्या नळ्यांत आतपर्यंत सारल्या होत्या, म्हणून जोडताना मला दिसल्या नव्हत्या. साहेबांना जे हवं असतं म्हणून त्याला इतकी वर्षं शिकवलं गेलं होतं, तेच त्यानं मला मन लावून दिलं होतं. मी एवढंच म्हणालो की मला नाचणारंच पाणी बघायचंय. त्यानं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि बरं म्हणाला.

वाती काढून पुन्हा जोडणी केली. या वेळी हवा काढताना पाणी सणकून तोंडावर आलं. वर येऊन पाहिलं तर रेघा जागेवर नव्हत्याच. पडदाभर काटेरी झुडूप उगवल्यासारखं दिसत होतं. सरासरी कालच्याइतकीच होती, अगदी तेवढीच. पण मधूनमधून एखादा काटा इतका खाली जायचा की त्या क्षणी फरशीवर वरून कुणाचाही हात नसायचा. मी दुपारपर्यंत टिपत राहिलो. मग पाणी कमी करायला लावलं आणि पुन्हा टिपलं. एका पातळीच्या खाली आलं की ते खोल काटे बंद व्हायचे. ती पातळी टेलला पाणी पोचवायला पुरेशी नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

साहेबांना बोलावलं. त्यांनी आलेख पाहिला, वाती पाहिल्या, कपाळाचा घाम पुसला. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही टेलच्या लोकांचे फोन येत होते, आमदारांच्या माणसांचे येत होते, आणि काल निरोप त्यानंच पाठवला होता. मग त्यानं मला बाजूला घेतलं.

"सर, सरासरी तर दोन्हीत सारखीच आहे ना?" तो म्हणाला. "मग कालचेच आकडे दिले तर ते खोटे थोडेच आहेत?"

त्याचं म्हणणं तसं बरोबर होतं. कालचे आकडे खोटे नव्हते. मला फक्त वाती विसरायच्या होत्या. फरशी सुटेलच असंही नव्हतं. ती हे आवर्तन काढू शकली असती, पुढचंही काढू शकली असती. आणि मी आक्काचा विचार करत होतो, दुसऱ्या कुणाचाही नाही. मी चौकीत जाऊन पाणी प्यालो. इतकी वर्षं उड्यांचे कागद दिले, ते कुणी नीट वाचले असतील असं मला वाटत नाही. हा एक कागद सरळ रेघेचा दिला असता तर सगळे खूश झाले असते, मी धरून. पण दोन वर्षांपूर्वी उचललेला तो तुकडा अजून तिथेच काठावर पडलेला होता, त्यातून गजांची टोकं बाहेर आली होती, आणि त्याच्याकडे बघून मला सही करता येईना. मी बाहेर आलो आणि म्हणालो, पाणी कमी करा. साहेबांनी वाद घातला नाही. त्यांचा चेहरा उतरला तेवढाच.

ग्रुपवर दुसरा निरोप गेला. आक्काला मीच फोन केला, तो निरोप शेजाऱ्याकडून कळायच्या आत. मी सगळं समजावून सांगायला लागलो, वात, दाब, फरशी. ती मध्येच म्हणाली, पानी येनार का न्हाई एवढं सांग. मी नाही म्हणालो. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं सोडलेले टँकर तोवर दुसऱ्यांनी घेतले होते. तरी तिनं धडपड केली. कुठून कुठून एकेक टँकर मिळवला, झाडांवरची फळं तोडून टाकली, फांद्या छाटल्या, आळ्यात उसाचं पाचट पसरलं. मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी पानं मुरगळलेली होती. दुसऱ्या वेळी ती झाडाखाली पडलेली होती आणि आक्का माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलली, जेवून जा म्हणाली. ते मला फार लागलं.

पाऊस उशिरा आला आणि बागेला त्याचा उपयोग झाला नाही. निम्म्याहून जास्त झाडं वाळली होती, उरलेल्यांच्या खोडांना डिंक्या रोग लागला होता. आक्कानं जेसीबी बोलावून सगळीच काढली. रान वाट्यानं दिलं. मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं की आता काही ऐकणार नाही. त्याला सुट्टी मिळेना, म्हणून तिला श्रीरामपूरच्या स्टँडवर गाडीत बसवून द्यायला मी नगरहून गेलो. नगर आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या गाडीचा कंडक्टर अजून नगरच म्हणत होता.

स्टँडवर गर्दी फार नव्हती. आक्का सिमेंटच्या बाकावर बसली होती, पायाशी एक बॅग आणि मांडीवर जुनी कापडी पिशवी. पुण्याच्या गाडीला वेळ होता. मी चहा आणला, तिनं बशीत ओतून प्याला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मुलाच्या घरी लिफ्ट आहे का, सुनेची नोकरी कशी चाललीय. समोर एक गाडी मागे घेत होते आणि एक माणूस तिच्या पत्र्यावर हात आपटत येऊ द्या, येऊ द्या करत होता.

"फरशी कशी हाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की आवर्तन संपल्यावर कालवा कोरडा करून पाहिली. शाबूत आहे. साधी चीरही नाही.

"पुरं पानी सोडलं असतं तर फुटली असती?"

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारलेला आहे आणि त्याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. नक्की सांगता येत नाही, शक्यता बरीच होती, अशा गोष्टीत खात्री नसते. साहेबांना तेच दिलं, वरच्या कचेरीतून आलेल्यांना तेच दिलं. तेच खरं आहे. ते माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण आक्का माझ्याकडे बघत नव्हती, ती मांडीवरच्या पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा सारखे करत होती.

"फुटलीच असती," मी म्हणालो. "दुसऱ्याच दिवशी."

तिनं मान हलवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटत हुतं, उगंच गेली बाग."

गाडी लागली होती. मी तिची बॅग उचलली आणि दाराकडे चालायला लागलो.